न टोचलेल्यांची साक्ष

मांडवी भागातले रुग्ण तपासून डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी 23 सप्टेंबर 1896 रोजी मुंबईत गाठीचा प्लेग आल्याचे निदान केले. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफडे गावचे. त्यांच्यावर विश्वास ठेवायला सुरुवातीला फारसे कोणी तयार नव्हते, पण पुढच्या काही आठवड्यांत मृत्यूंनीच शंका मिटवली. 1897 च्या फेब्रुवारीपर्यंत शहरातली जवळजवळ निम्मी माणसे गाठोडी बांधून गावाकडे निघून गेली होती. गिरण्यांचे साचे थंडावले, चाळींच्या खोल्यांना कुलपे लागली.

उपायांना मात्र तोटा नव्हता. वैद्यांकडे लेप होते, हकिमांकडे अर्क होते, डॉक्टरांकडे जंतुनाशके होती आणि सरकारकडे घरे धुऊन काढणारे पंप होते. प्रत्येकाकडे बऱ्या झालेल्या माणसांची उदाहरणेही होती, आणि ती खोटी नव्हती. गाठीच्या प्लेगमध्ये काही रोगी कोणतेही औषध न घेता वाचतात. त्यामुळे कोणताही उपाय शंभर जणांवर करा, काही जण उठून बसणारच, आणि उठून बसलेला माणूस त्या उपायाचे गुण गाणारच. उपाय केला नसता तर तो वाचला असता की नाही, हे त्याला कळायला मार्ग नाही आणि उपचार करणाऱ्यालाही नाही.

या प्रश्नाचे उत्तर पुढच्या दोन वर्षांत भायखळ्याच्या तुरुंगात, उमरखाडीच्या तुरुंगात आणि बडोद्याजवळच्या उंडेरा नावाच्या खेड्यात शोधले गेले. वैज्ञानिक प्रयोगात तुलना गट का लागतो आणि तो कसा निवडायचा, याचा इतका सलग आणि इतका महाग धडा इतिहासात क्वचित सापडतो. तो आपल्या परिसरात घडला असूनही आपल्याला फारसा माहीत नाही.

कलकत्त्याचा धडा

या कथेचा नायक वाल्डेमार हाफकिन 1860 साली ओडेसात एका ज्यू कुटुंबात जन्मला. तिथल्या विद्यापीठात तो प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांचा विद्यार्थी होता. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तो ग्रंथपालाच्या जागेवर दाखल झाला आणि तिथेच त्याने पटकीची लस तयार केली. 18 जुलै 1892 रोजी ती त्याने आधी स्वतःला टोचून घेतली. 1893 च्या मार्चमध्ये तो कलकत्त्याला उतरला.

पहिल्या वर्षात त्याने उत्तर हिंदुस्थान पालथा घालून हजारो लोकांना लस टोचली. लस अपाय करत नाही, हे त्यातून दिसले. ती उपाय करते का, हे मात्र कळेना. टोचलेली माणसे पांगली होती. कोणाच्या गावात पटकी आली, कोणाच्या गावात आलीच नाही. पटकी न झालेला माणूस लसीमुळे वाचला की पटकी त्याच्या दारापर्यंत पोहोचलीच नव्हती, हे वेगळे काढता येत नव्हते. आकडा मोठा होता, पण त्याच्या शेजारी ठेवायला दुसरा आकडा नव्हता.

म्हणून 1894 मध्ये कलकत्त्याचे आरोग्य अधिकारी सिम्प्सन यांच्या साथीने त्याने दृष्टी बदलली. शहराच्या बस्त्यांमध्ये एकाच घरातल्या काहींनी टोचून घेतलेले असे आणि काहींनी नाही. अशा घरात पटकी शिरली, की कोणाला झाली आणि कोणाला नाही याची नोंद ठेवायची. काटाल बागान नावाच्या वस्तीत सुमारे दोनशेपैकी 116 जणांना टोचले होते. त्यानंतर तिथे पटकीचे जे रुग्ण झाले, ते सगळे न टोचलेल्यांपैकी होते. ही वस्ती लहान होती, पण तिने हाफकिनला एक गोष्ट पक्की शिकवली. टोचलेल्यांबद्दल काही बोलायचे असेल, तर त्यांच्याच घरात राहणाऱ्या, तेच पाणी पिणाऱ्या न टोचलेल्यांकडे पाहावे लागते.

ग्रँट मेडिकल कॉलेजची खोली

सरकारच्या बोलावण्यावरून हाफकिन 1896 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईला आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवायचे, तर रसाच्या पृष्ठभागावर त्याने तुपाचे थेंब सोडले. तुपाला धरून जंतूंचे झुबके खाली लोंबत. फ्लास्क हलवला की ते तळाशी पडत आणि वर नवे धरत. असे काही आठवडे वाढवलेले जंतू उष्णता देऊन मारायचे आणि ते द्रावण लस म्हणून वापरायचे. आधी सशांवर प्रयोग झाले. 10 जानेवारी 1897 रोजी त्याने स्वतःला 10 घन सेंटिमीटर लस टोचून घेतली. इतरांना पुढे जो डोस दिला गेला, त्याच्या ती कितीतरी पट होती. ताप आला, हात दुखला, आणि तो बरा झाला.

हे धैर्य मोठेच होते. पण स्वतःवरच्या प्रयोगातून एवढेच कळते की लस माणसाला मारत नाही. ती प्लेगपासून वाचवते, हे त्यातून कळत नाही. हाफकिनला त्यानंतर प्लेग झाला नाही, पण मुंबईतल्या लाखो न टोचलेल्या माणसांनाही तो झाला नव्हता.

त्याचे गुरुकुल पाश्चरचे होते, आणि पाश्चरने हा प्रश्न 1881 मध्ये पुई-ल-फोर या गावी सोडवला होता. अँथ्रॅक्सच्या लशीसाठी त्याने जनावरांचे दोन कळप केले. एका कळपाला लस दिली, दुसऱ्याला नाही. मग दोन्ही कळपांना अँथ्रॅक्सचे जिवंत जंतू टोचले. लस दिलेल्या मेंढ्या उभ्या राहिल्या, दुसऱ्या कळपातल्या मेल्या. माणसांच्या बाबतीत यातली शेवटची पायरी चढता येत नाही. कोणालाही मुद्दाम प्लेग देता येत नाही. तेव्हा रोग आपण होऊन जिथे येईल, आणि जिथे सगळी माणसे एकाच परिस्थितीत राहत असतील, अशी जागा शोधणे भाग होते. अशी जागा म्हणजे तुरुंग.

भायखळा: जे पुढे आले ते

1897 च्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. आत साडेतीनशेच्या आसपास कैदी होते. 30 जानेवारीला हाफकिनने त्यांच्यापुढे लस ठेवली. 154 जण टोचून घ्यायला तयार झाले, 191 जण झाले नाहीत. दोन्ही गटांचे जेवण एकच, पाणी एकच, कामाचे तास एकच, झोपायच्या बराकी एकच. शहरात हे असे कधीच मिळाले नसते.

टोचले त्याच दिवशी टोचलेल्यांपैकी तिघे आजारी पडले आणि पुढे दगावले. लस अंगात भिनायला वेळ लागतो, आणि या तिघांच्या अंगात रोग आधीच होता, म्हणून हाफकिनने ते वेगळे मोजले. त्यानंतरच्या दिवसांत टोचलेल्यांपैकी सरासरी दीडशे जण तुरुंगात होते. त्यांतल्या दोघांना प्लेग झाला आणि दोघेही वाचले. न टोचलेले सरासरी पावणेदोनशे. त्यांच्यातल्या बारा जणांना प्लेग झाला आणि सहा जण मेले.

भायखळ्याच्या या आकड्यांनी लस जगासमोर आली. पण त्यांच्यात एक भगदाड होते. टोचून घ्यायचे की नाही, हे कैद्यांनी स्वतः ठरवले होते. जो माणूस पुढे येतो, तो कदाचित जास्त धट्टाकट्टा असतो. कदाचित तो आधीपासून सावध असतो, गाठ आलेल्या सोबत्यापासून दूर झोपतो. उलट ज्याला आधीच कणकण वाटते, तो सुईला नको म्हणतो. असे झाले असेल, तर दोन गट टोचण्याआधीच वेगळे होते, आणि दिसलेला फरक लशीचा की माणसांचा, हे सांगता येत नाही. विहिरीजवळच्या वावराला नवे खत घातले आणि कोरडवाहू तुकडा तसाच ठेवला, तर पीक खताने वाढले की पाण्याने, हे कोण सांगणार?

मोठे आकडे, कच्ची तुलना

त्याच वर्षी दमणमध्ये साथ भडकली. पोर्तुगीज अमलाखालच्या त्या गावात 8,230 लोकवस्तीपैकी 2,197 जणांना लस टोचली गेली. त्यांतले 36 जण प्लेगने मेले. उरलेल्या 6,033 जणांतले 1,482 मेले. म्हणजे एकीकडे शंभरात दोनाहूनही कमी, दुसरीकडे शंभरात जवळजवळ पंचवीस. पुण्याजवळ खडकीच्या छावणीतही असेच दिसले. टोचलेल्या 671 जणांपैकी 17 मेले, न टोचलेल्या 859 जणांपैकी 98.

दमणचा आकडा भायखळ्याच्या कितीतरी पट मोठा आहे, म्हणून तो जास्त पक्का असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो जास्त कच्चा आहे. दमणमध्ये टोचणी साथ चालू असतानाच होत गेली. उशिरा टोचून घेणारा माणूस तोवर जगलेलाच होता, म्हणून तर तो टोचून घ्यायला आला. त्याच्या आधी जे मेले, ते आपोआप न टोचलेल्यांच्या यादीत गेले. शिवाय टोचून घेणारी घरे कोणती होती? ऐपतीची, मोकळ्या जागेत राहणारी, की उंदरांनी भरलेल्या धान्याच्या वखारींशेजारची? हे सगळे दोन्ही बाजूंना सारखे वाटले गेले होते, असे म्हणायला आधार नव्हता. संख्या वाढली म्हणून तुलना न्याय्य होत नाही. तिरकी तुलना हजारोंवर केली तरी तिरकीच राहते.

बाहेरचे वातावरणही शांत संशोधनाचे नव्हते. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा आला. घराघरांत झडत्या सुरू झाल्या, माणसांना ओढून रुग्णालयात आणि विलगीकरणाच्या छावण्यांत नेले जाऊ लागले. पुण्यात त्या जाचाचा कळस झाला, आणि 22 जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी तिथला प्लेग कमिशनर रँड याच्यावर गोळी झाडली. सरकारच्या हातातल्या कोणत्याही सुईकडे लोक संशयाने पाहणार, हे उघड होते. अशा काळात लशीबद्दलचा खोटा दावा लोकांचा जीव घेणार होता, आणि खरा दावा सिद्ध न होणे हेही तितकेच घातक होते. सुलतान महंमद शाह आगाखान यांनी सगळ्यांसमोर स्वतः टोचून घेतले, तेव्हा हजारो खोजा त्यांच्यामागून आले. माणसांनी माणसावर विश्वास ठेवला. विज्ञानाला त्याहून वेगळा आधार हवा होता.

उमरखाडी: एक सोडून एक

1 जानेवारी 1898 रोजी हाफकिन उमरखाडीच्या तुरुंगात गेला. तिथेही प्लेग शिरला होता. या वेळी त्याने कोण तयार आहे, हे विचारून गट पाडले नाहीत. कैद्यांना रांगेत बसवले आणि एक सोडून एक कैद्याला टोचले. रांगेत कोण कुठे बसला, याचा त्याच्या प्रकृतीशी, सावधपणाशी किंवा स्वभावाशी संबंध नव्हता. धट्टेकट्टे दोन्हीकडे गेले, अशक्तही दोन्हीकडे गेले.

पुढच्या दिवसांत टोचलेल्या 147 कैद्यांपैकी तिघांना प्लेग झाला आणि एकही मेला नाही. न टोचलेल्या 127 जणांपैकी दहा जणांना झाला आणि सहा मेले. आकडे भायखळ्याच्या जवळपासचेच आहेत, पण त्यांचे वजन कितीतरी जास्त आहे. भायखळ्यात कोणी म्हणू शकत होता की माणसे निराळी होती. उमरखाडीत ते म्हणायची सोय उरली नाही.

त्याच सुमारास डेन्मार्कमध्ये योहानेस फिबिगर घटसर्पाच्या सीरमबाबत हाच विचार करत होता. एका दिवशी दाखल झालेल्यांना सीरम, दुसऱ्या दिवशीच्यांना नाही, असा क्रम त्याने वर्षभर पाळला. सीरम मिळालेल्या 239 जणांतले आठ मेले, न मिळालेल्या 245 जणांतले तीस. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात फिबिगरचा हा प्रयोग आवर्जून सांगितला जातो. उमरखाडीचे नाव त्याच्या शेजारी घ्यायला हवे.

या पद्धतीतही एक उणीव होती. पुढची पाळी कोणाची, हे टोचणाऱ्याला आधीच ठाऊक असते. मनात आणले तर तो रांग हलवू शकतो. ही फट बुजायला आणखी अर्धे शतक लागले. 1948 मध्ये ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे यादृच्छिक आकड्यांनी ठरवून बंद पाकिटांत ठेवले होते. पाकीट उघडेपर्यंत डॉक्टरलाही पत्ता नसे.

उंडेरा: प्रत्येक घराचे दोन भाग

तुरुंगात सगळे प्रौढ. रोजचा दिनक्रमही ठरलेला. गावात, बायकामुलांत, घराघरांत लस काय करते, हे त्यावरून कसे सांगायचे? त्याचे उत्तर सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात मिळाले. बडोद्यापासून सहा मैलांवरच्या उंडेरा गावात प्लेग आला होता. 12 फेब्रुवारी 1898 रोजी हाफकिन, सर्जन-मेजर बॅनरमन आणि संस्थानचे अधिकारी तिथे पोहोचले. गावात साडेनऊशेच्या आसपास माणसे हजर होती. त्यांनी गावकऱ्यांना कुटुंबाकुटुंबाने बोलावले आणि प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग केले. पुरुष, बायका, मुले दोन्ही भागांत शक्य तितकी सारखी येतील असे पाहिले. एका भागाला टोचले, दुसऱ्याला नाही. 513 जण टोचले गेले, 437 तसेच राहिले.

भिंती त्याच, छप्पर तेच, चूल तीच, रात्री अंथरूण टाकायची जमीन तीच. ऐपत तीच, जात तीच, सवयी त्याच. वेगळी ठेवली ती एकच गोष्ट, हातावरची सुई.

काही आठवड्यांनी हिंदुस्थानच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख सर्जन-जनरल हार्वी यांच्यासह घरोघर जाऊन तपास झाला. गावातल्या 28 घरांत प्लेग शिरला होता. त्या घरांत टोचलेली 71 माणसे होती. आठ जणांना प्लेग झाला, तिघे मेले. त्याच घरांत न टोचलेली 64 माणसे होती. सत्तावीस जणांना प्लेग झाला आणि त्यातले सव्वीस मेले. न टोचलेल्यांच्या प्रमाणात टोचलेले मेले असते, तर त्यांच्यातले एकोणतीस गेले असते. गेले तीन.

लस पूर्ण संरक्षण देत नाही, हे याच आकड्यांत लिहिलेले आहे. आठ जणांना रोग झालाच. पण ती मृत्यू थोपवते, याबद्दल आता वाद घालायला जागा नव्हती. 1898-99 मध्ये एडिंबराचे प्रा. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिशन बसले. कमिशनने हाफकिनच्या आकड्यांची कठोर छाननी केली आणि अनेक ठिकाणच्या हिशेबांत त्रुटी दाखवल्या. तरी लशीमुळे प्लेगचे प्रमाण स्पष्टपणे घटते, असाच निष्कर्ष त्यांना काढावा लागला.

न दिसलेली पिसू

उंडेऱ्याचा प्रयोग झाला तेव्हा प्लेग माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे नक्की कोणालाच माहीत नव्हते. काहींना तो हवेतून येतो असे वाटे, काहींना जमिनीतून, काहींना कपड्यांतून किंवा धान्यातून. हाफकिनलाही खरे कारण ठाऊक नव्हते. तरीही त्याचा निष्कर्ष बरोबर आला, आणि यातच तुलना गटाची खरी ताकद आहे. जी कारणे आपल्याला माहीत आहेत, ती आपण प्रयत्न करून दोन्हीकडे सारखी ठेवू शकतो. जी माहीतच नाहीत, त्यांचे काय? माणसे कोणाच्याही आवडीनिवडीशिवाय वाटली, की अज्ञात कारणेही दोन्ही गटांत साधारण सारखीच विभागली जातात. उंडेऱ्यातल्या घरात चावणारी पिसू टोचलेल्यालाही चावत होती आणि न टोचलेल्यालाही. हाफकिनने तिला पाहिले नव्हते, पण त्याच्या विभागणीने तिला हिशेबात घेतले होते.

त्या पिसूला पकडले पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने, कराचीत, 1898 च्या जूनमध्ये. प्लेगने मरायला टेकलेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर त्याने काचेच्या भांड्यात ठेवला. वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श होऊ शकत नव्हता, पण पिसू उडी मारू शकत होती. काही दिवसांनी निरोगी उंदीर प्लेगने मेला. पिसवा नसलेल्या आजारी उंदराबरोबर हेच केले, तेव्हा निरोगी उंदराला काहीच झाले नाही. पहिल्या प्रयोगाला या दुसऱ्या प्रयोगानेच अर्थ दिला.

तरी जगाने विश्वास ठेवायला वेळ लावला. खुंटा बळकट झाला तो परळला. हाफकिनची प्रयोगशाळा 1899 पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये होती. 1905 मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन मंडळाने तिथल्या आवारात खास झोपड्या बांधल्या आणि त्यांत गिनीपिग ठेवले. इथे माणसांचे दोन गट करायचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळे जागच्या जागी धरून ठेवायचे.

पिसवा नसलेल्या झोपडीत आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र सोडले. झोपडी झाडली जात नसे, निरोगी प्राणी आजाऱ्यांच्या मलमूत्रात वावरत, तेच अन्न खात. साथ पसरली नाही. म्हणजे स्पर्श आणि घाण हे कारण नव्हे. मग पिसवा असलेल्या झोपडीत पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर ठेवले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातल्या प्राण्यांना प्लेग झाला, दोन फुटांवरच्या पिंजऱ्यातल्यांना झाला नाही. हवा दोघांना तीच होती. रोग हवेतून येत असता, तर त्याला दोन फुटांची अडचण वाटायचे कारण नव्हते. पिसूला मात्र तेवढी उडी मारता येत नाही. पिंजऱ्याभोवती चिकट कागदाची रुंद पट्टी अंथरली, तेव्हाही आतले प्राणी वाचले.

उंची बदलताना झोपडी तीच ठेवली, प्राणी त्याच जातीचे, अन्न तेच, दिवस तेच. उंचीबरोबर अन्नही बदलले असते, तर निकालातून काहीच सांगता आले नसते. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ज्यांना नियंत्रित चल म्हणतात, ते परळच्या त्या झोपड्यांत असे अक्षरशः डोळ्यांनी दिसत होते. लसीच्या प्रयोगात हाफकिनने अज्ञात कारणे दोन बाजूंना वाटून निष्प्रभ केली. पिसूच्या प्रयोगात मंडळाने ज्ञात कारणे एकेक करून बाजूला काढली. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात: जो फरक दिसतो, त्याला एकच कारण उरावे.

एका बाटलीची गोष्ट

या तर्काकडे पाठ फिरवली की काय होते, हे हाफकिनला स्वतःच भोगावे लागले. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात 107 जणांना लस टोचली. त्यांतल्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि सगळे दगावले. हाफकिनला निलंबित केले गेले. लस बनवण्याच्या त्याच्या पद्धतीवर, म्हणजे कार्बोलिक आम्ल हे जंतुनाशक वगळण्याच्या निर्णयावर, बोट ठेवले गेले. पण त्या दिवशी गावात पाच बाटल्या वापरल्या होत्या, आणि एकोणीसही जणांना 53 एन या एकाच बाटलीतून टोचले होते. उरलेल्या चार बाटल्यांतून टोचलेल्यांपैकी एकालाही धनुर्वात झाला नव्हता. पद्धतीत दोष असता, तर तो एका बाटलीपुरता का राहावा? ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये 'द टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिनची बाजू मांडली, तेव्हा कुठे त्याच्यावरचा डाग पुसला गेला. तो परत हिंदुस्थानात आला, पण मुंबईतली प्रयोगशाळा त्याला पुन्हा मिळाली नाही. 1925 मध्ये त्या संस्थेला त्याचे नाव देण्यात आले. 1930 मध्ये तो लोझान इथे मरण पावला.

ज्यांना टोचले नाही

या इतिहासात हाफकिनचे, बॅनरमनचे, हार्वीचे नाव आहे. उंडेऱ्यात न टोचलेल्या भागात गेलेल्या सव्वीस मृतांचे नाव कुठेच नाही. त्यांना आजच्या अर्थाने संमती विचारली गेली नव्हती. संमतीपत्र नव्हते, नीतिसमिती नव्हती. कैद्यांच्या बाबतीत तर "नाही" म्हणण्याची मोकळीक कितपत होती, हा प्रश्नच आहे. हाफकिनच्या हातात तोवर भायखळ्याचे आणि उमरखाडीचे आकडे होते. लस उपयोगी आहे असे मानायला त्याच्याकडे सबळ कारण होते. तरी त्याने अर्धे गाव तसेच ठेवले. अर्धे गाव तसे राहिले, म्हणूनच पुढच्या दशकांत लक्षावधी लोकांना ती लस विश्वासाने देता आली. ही दोन्ही वाक्ये खरी आहेत, आणि त्यातल्या एकाने दुसरे पुसले जात नाही. आज एखाद्या लशीच्या चाचणीत फरक स्पष्ट दिसू लागला, तर चाचणी मध्येच थांबवून तुलना गटालाही लस द्यावी, असे नियम आहेत. उंडेऱ्याच्या वेळी असे नियम नव्हते.

कोरोनाच्या काळात आपल्याकडे कोणत्या काढ्याने, कोणत्या गोळ्यांनी, कोणत्या धुरीने किती जण बरे झाले, याचे दाखले घराघरांत फिरत होते. सांगणारे बहुतेक प्रामाणिक होते, जसे 1896 च्या मुंबईतले वैद्य आणि डॉक्टर प्रामाणिक होते. अशा दाखल्यावर रागावण्याची गरज नाही आणि तो मान्य करण्याचीही नाही. ज्यांनी तो उपाय केला नाही, त्यांचे काय झाले? ते याच लोकांसारखे होते का? आणि कोणी काय घ्यायचे, हे कोणी ठरवले? हे तीन प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही, पदवीही लागत नाही. पुढच्या वेळी कोणी खात्रीच्या उपायाचा दाखला घेऊन आला, तर ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत निर्णय राखून ठेवा. उंडेऱ्याच्या सव्वीस जणांचे एवढे देणे आपण लागतो.